जुन्या बोटीसाठी हजार मैल

अमेरिकेत नोंदणी झालेल्या खासगी बोटींची संख्या १ कोटी १० लाखांहून अधिक आहे आणि दरवर्षी होणाऱ्या खरेदी-विक्रीत नव्या बोटींपेक्षा जुन्या बोटींचे प्रमाण कितीतरी मोठे आहे. यातील बरेच सौदे एका राज्यातील ग्राहक आणि दुसऱ्या राज्यातील विक्रेता यांच्यात होतात. ओहायोतील गृहस्थ फ्लोरिडात बोट पाहायला जातो, टेक्सासमधील कुटुंब मिशिगनची वाट धरते. डेट्रॉइट ते मायामी हे रस्त्याचे अंतर सुमारे १,४०० मैल, म्हणजे सव्वादोन हजार किलोमीटर आहे. मुंबईहून दिल्ली गाठून परतीची निम्म्याहून अधिक वाट कापावी, एवढा हा पल्ला. तो पार करून माणूस जी वस्तू घ्यायला जातो, ती त्याने बहुतेक वेळा फक्त छायाचित्रात पाहिलेली असते.

'बोट' म्हटले की जुन्या मराठी वाचकाला भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची आगबोट आठवते. येथे अभिप्रेत आहे ती अठरा ते तीस-बत्तीस फुटांची, पेट्रोल इंजिनावर चालणारी, कुटुंबाच्या सहलीसाठी वा मासेमारीच्या हौसेसाठी बाळगलेली मोटारबोट. बाहेरून मागे टांगलेले इंजिन असेल तर ती 'आउटबोर्ड', इंजिन आत बसवलेले असेल तर 'इनबोर्ड'. आत इंजिन आणि मागे वळणारा पाय अशी मधली व्यवस्था 'स्टर्नड्राइव्ह' या नावाने ओळखली जाते. जुनी मोटार घेणाऱ्या माणसाला वाटते की हा व्यवहारही तसाच असणार. प्रत्यक्षात मोटारीचे दोष बहुतांशी रस्त्यावर दिसून येतात, तर बोटीचे दोष फायबर ग्लासच्या चकचकीत थराखाली वर्षानुवर्षे झाकलेले राहतात.

गोड्या पाण्याची ओढ

एवढ्या लांब जाण्याचे पहिले कारण म्हणजे पाणी. बोटीच्या अनेक इंजिनांना थंड ठेवण्यासाठी बाहेरचेच पाणी आत खेचले जाते. समुद्रात चालणाऱ्या बोटीच्या इंजिनातून त्यामुळे सतत खारे पाणी वाहत असते. धूर बाहेर नेणारे लोखंडी ओतीव भाग या पाण्याने आतून खाल्ले जातात. खाऱ्या पाण्यातील बोटींचे हे भाग साधारण पाच-सात वर्षांनी बदलावे लागतात. ते वेळेवर बदलले नाहीत तर एक दिवस पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते आणि इंजिन निकामी होते. म्हणून सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि आँटारिओ या पंचमहासरोवरांच्या काठची, गोड्या पाण्यात वाढलेली बोट दक्षिणेतील ग्राहकाला हवीशी वाटते. तिकडे बोटीचा हंगामही आखूड, साधारण मे ते ऑक्टोबर एवढाच. उरलेले सहा-सात महिने बोट छपराखाली नाहीतर प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून ठेवलेली असते. त्यामुळे वीस वर्षांच्या बोटीचे इंजिन एकूण सात-आठशे तासच चालले आहे, असेही तिकडे आढळते.

मात्र 'गोड्या पाण्यातील बोट' हे जाहिरातीतील शब्द म्हणजे हमीपत्र नव्हे. उत्तरेत मीठ नसले तरी हिमकाळ आहे. थंडीपूर्वी इंजिनातील पाणी नीट काढून टाकले नाही, तर ते गोठून फुगते आणि लोखंडी ब्लॉकला तडा जातो. तडा बाहेरून दिसेलच असे नाही. बोटीच्या तळात वा डेकच्या थरांत पाणी मुरलेले असेल तर तेही दर हिवाळ्यात गोठते, वितळते आणि थर एकमेकांपासून सुटे करत जाते. शिवाय एखादी बोट दहा वर्षे फ्लोरिडाच्या खाडीत राहून शेवटची दोन वर्षे ओहायोत आली असेल, तरी विक्रेता तिला गोड्या पाण्याचीच म्हणतो. पूर्वीच्या मालकांची साखळी पाहिल्याशिवाय या शब्दांना किंमत देऊ नये.

दुसरे कारण पसंतीचे. हवी ती बोट हव्या त्या गावात मिळत नाही. मिशिगनमधील अल्गोनॅक येथे घडलेल्या ख्रिस-क्राफ्टच्या महोगनी लाकडाच्या बोटींचे शौकीन तर त्यासाठी देश पालथा घालतात. साध्या फायबर ग्लासच्या बोटींचेही तसेच आहे. कारखाने बंद पडतात, एखादे मॉडेल चारच वर्षे निघते, आणि मग त्याची उरलेली चांगली प्रत जिथे असेल तिथे जावे लागते. अनेक बोटनामांची मालकी असलेल्या जेनमार समूहाने जून २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा असे कितीतरी ग्राहक एकदम जुन्या बाजाराकडे वळले. पुढे २०२० च्या साथीच्या काळात मोकळ्या हवेतील करमणुकीची मागणी इतकी वाढली की बोट न पाहताच पैसे पाठवणारे ग्राहकही निघाले.

अंतराची भूल

दूरच्या सौद्यात सर्वांत मोठी जोखीम बोटीत नसून अंतरात असते. ग्राहकाने रजा काढलेली असते, दोन रात्रींचे हॉटेल धरलेले असते, ओढायला ताकदवान पिकअप गाडी भाड्याने घेतलेली असते. पंधरा-वीस तास गाडी चालवून तो पोहोचतो, तेव्हा मन आधीच बोटीच्या बाजूने झुकलेले असते. पायाखाली फळी जरा दबते आहे, इंजिन दुसऱ्या फटक्यात सुरू झाले, तळाशी थोडे तेल दिसते आहे, हे सारे त्याला दिसते. पण 'आता एवढ्या लांब आलो आहोत, रिकाम्या हाताने कसे परतायचे?' हा विचार त्यावर मात करतो. विक्रेत्यालाही हे पुरते ठाऊक असते. ग्राहकाच्या गाडीमागे रिकामा ट्रेलर आधीच जोडलेला दिसला, की किंमत उतरवण्याचे कारणच उरत नाही.

घराजवळच्या बोटीबाबत असे होत नाही. शंका आली तर माणूस 'उद्या येतो' म्हणून निघून जातो. दूरच्या बोटीबाबत तो 'उद्या' नसतो. म्हणून निर्णयाचा मोठा भाग घरातून निघण्यापूर्वीच उरकणे आणि पाहणीचे काम तेथेच राहणाऱ्या, बोटीच्या मोहात न पडलेल्या माणसाकडे सोपवणे, हाच या व्यवहारातील एकमेव भरवशाचा उपाय आहे. अमेरिकेत असा माणूस मिळतो. त्याला मरीन सर्व्हेअर म्हणतात.

सर्व्हेअरचा धंदा करण्यासाठी तिथे सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. परंतु १९६२ मध्ये स्थापन झालेली 'नॅम्स' आणि १९८६ ची 'सॅम्स' या दोन व्यावसायिक संघटना अनुभव व परीक्षा पाहून सभासदांना मान्यता देतात. जुन्या बोटीचा विमा उतरवताना किंवा कर्ज देताना विमा कंपन्या आणि बँका मान्यताप्राप्त सर्व्हेअरचा अहवाल मागतात. शुल्क साधारण फुटामागे २० ते ३० डॉलर असते, म्हणजे सव्वीस फुटी बोटीला पाचशे ते आठशे डॉलर. बोट पाण्याबाहेर उचलण्याचा खर्च वेगळा. सर्व्हेअर ग्राहकाने स्वतः शोधावा, विक्रेत्याने वा दलालाने सुचवलेला घेऊ नये, हा अलिखित नियम. दलालाचे कमिशन विक्रेता देतो, हे विसरता कामा नये.

आठ-दहा हजार डॉलरच्या छोट्या बोटीसाठी एवढा खर्च कशाला, असे पुष्कळांना वाटते. अशा वेळी निदान त्या गावातील एखाद्या बोट मेकॅनिकला पैसे देऊन इंजिनाची तपासणी करून घेता येते. तिथवर जाऊन-येऊन होणाऱ्या इंधनखर्चापेक्षा ती रक्कम बहुधा कमीच भरते.

फोनवर विचारायच्या गोष्टीही थोड्या नाहीत. बोट शेवटची पाण्यात कधी उतरली, हिवाळ्याची तयारी कोणी केली, त्याच्या पावत्या आहेत का, बोट विकण्याचे कारण काय, मालकीची कागदपत्रे कुणाच्या नावावर आहेत, हे विचारून घ्यावे. छायाचित्रे मागताना चकचकीत पुढच्या भागाची मागू नयेत. इंजिनाखालचा तळ, बॅटरीच्या तारा, मागील भिंतीचा आतला भाग आणि ट्रेलरचे टायर यांची मागावीत. जो विक्रेता ही छायाचित्रे पाठवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जाण्याचा इंधनखर्च तरी वाचतो.

हातोडीचा आवाज

सर्व्हेअरचे मुख्य अवजार म्हणजे लहानशी हातोडी. बोटीच्या तळावर तो इंचाइंचाने हलकेच ठोकत जातो. घट्ट फायबर ग्लासचा आवाज टणटणीत येतो, आत थर सुटले असतील वा लाकूड कुजले असेल तर तो बद्द येतो. नारळ वाजवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ही विद्या नवी वाटू नये. सोबत ओलावा मोजणारे यंत्र असते.

हा खटाटोप का, तर फायबर ग्लासची म्हणून विकली जाणारी बोट आतून बरेचदा लाकडाची असते. ट्रान्सम, म्हणजे जिच्यावर आउटबोर्ड इंजिन टांगलेले असते ती मागची उभी भिंत, अनेक जुन्या बोटींत प्लायवूडची असून वरून फायबर ग्लासने मढवलेली असते. तळाला ताठपणा देणाऱ्या लांब पट्ट्याही तशाच. कुणीतरी मासे शोधण्याचे यंत्र बसवताना चार स्क्रू मारलेले असतात, भोके नीट बुजवलेली नसतात. तेवढ्या वाटेने पाणी आत शिरते आणि दहा वर्षांत लाकडाचा भुगा होतो. वरून पॉलिश केलेली बोट आरशासारखी दिसत राहते. ट्रान्सम बदलण्याचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो आणि लहान बोटीच्या बाबतीत तो बोटीच्या किमतीलाही ओलांडतो. इंजिनाचा पाय दोन्ही हातांनी वर-खाली हलवून पाहिला आणि भिंत लवली, तर पुढची चर्चा करण्यात अर्थ नसतो.

इंजिनाची पारख थंड अवस्थेतच होते. ग्राहक पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवलेले असेल तर ते सुरू होण्यातील खोड लपते. म्हणून आदल्या दिवशीच फोन करून 'मी येईपर्यंत इंजिन चालवू नका' असे सांगण्याची पद्धत आहे. पोहोचल्यावर इंजिनाला हात लावून तशी खातरजमाही करून घ्यावी. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून पाहिला जातो. आकड्याच्या थोरपणापेक्षा सर्व सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ असणे महत्त्वाचे. अलीकडच्या इंजिनांच्या संगणकात ते कोणत्या वेगाने किती तास चालले याची नोंद राहते. ती वाचून घेतली की 'फारशी वापरलेली नाही' या वाक्याची परीक्षा होते.

इंजिन कोणत्या घराण्याचे आहे, हेही घरी बसूनच पाहायचे असते. जॉन्सन आणि एविनरूड ही आउटबोर्ड इंजिने बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. ही दोन नावे २००१ मध्ये बॉम्बार्डियरकडे आली, आणि मे २०२० मध्ये एविनरूडचे उत्पादनही थांबले. ओल एविनरूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकीत ज्या नावाने आउटबोर्ड इंजिने विकायला सुरुवात केली, ते असे इतिहासजमा झाले. याच मूळ कंपनीच्या जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटी आजही स्वस्तात जाहिरातीत दिसतात. त्या स्वस्त का आहेत, हे सुटे भाग शोधू लागल्यावर कळते.

काही दोष पैशांच्या पलीकडचे असतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत गळती झाली तर वाफ खालून वाऱ्यावर निघून जाते, बोटीत ती तळाशी साठून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. त्यामुळे इनबोर्ड बोटींचे स्टार्टर, आल्टरनेटर यांसारखे भाग ठिणगी बाहेर पडू न देणारे असावे लागतात. पूर्वीच्या एखाद्या मालकाने काटकसर करून मोटारीच्या दुकानातील तसाच दिसणारा भाग बसवलेला असतो. इंजिन तेवढ्यावर उत्तम चालते, तक्रार काही येत नाही आणि बोट विकली जाते. १९८० नंतर बांधलेल्या अशा बोटींत वाफ बाहेर फेकणारा पंखा बंधनकारक आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी तो चार मिनिटे चालवावा असा दंडक आहे. तो पंखा चालतो का, हे पाहायला विसरणारे ग्राहक पुष्कळ. कार्बन मोनॉक्साइडचेही तसेच. फुटलेल्या धूरनळीतून केबिनमध्ये शिरणाऱ्या या वायूला वास नाही, रंग नाही, आणि केबिनमध्ये बहुधा मुले झोपलेली असतात.

इंधनाच्या टाकीचा एक धडा २००४ नंतर अनेकांनी घेतला. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली, तेव्हा ईशान्येकडील जुन्या, उंची बोटींच्या फायबर ग्लासच्या टाक्या आतून विरघळू लागल्या आणि त्यांतील काळा चिकट अंश इंजिनांत जाऊन बसला. तशा बोटी अजूनही बाजारात आहेत. टाकी बदललेली आहे का, एवढा एकच प्रश्न तिथे हजारो डॉलरचा ठरतो.

शेवटी पाण्यावरची चाचणी. पूर्ण वेगात इंजिन उत्पादकाने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते का, तापमान स्थिर राहते का, आणि अर्ध्या तासाने परतल्यावर तळाशी किती पाणी जमले, या तीन गोष्टींतून बरेच कळते. जानेवारीत मिशिगनमध्ये ही चाचणी शक्यच नसते आणि नेमक्या त्याच काळात किमती उतरलेल्या असतात. समजूतदार ग्राहक अशा वेळी 'पाहणी आणि चाचणी समाधानकारक ठरल्यास' या अटीवर करार करून साधारण दहा टक्के इसार देतो, तोही त्रयस्थ खात्यात, आणि उरलेली रक्कम वसंतात बोट पाण्यात उतरल्यावर चुकती करतो. ही अट लिहून घेतली असेल, तर दोष निघाल्यावर इसार परत मिळतो. तोंडी दिलेला शब्द हजार मैलांवरून वसूल होत नाही.

बोजा कुठे लिहिला आहे?

सातबाराच्या उताऱ्यावर बोजा पाहून मगच जमिनीचा व्यवहार करण्याची शिकवण मराठी माणसाला नवी नाही. अमेरिकेतील बोटीला तसा एकच उतारा नाही. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. काही राज्ये बोटीला मोटारीसारखे मालकी हक्काचे प्रमाणपत्र देतात, काही राज्ये फक्त नोंदणी करतात. न्यूयॉर्क राज्य १९८७ पासूनच्या मॉडेलच्या, चौदा फुटांवरील बोटींनाच असे प्रमाणपत्र देते. त्यापूर्वीच्या बोटीचा मालक कोण, हे नोंदणीच्या कागदावरून आणि विक्रीच्या पावतीवरूनच ठरते. पाच नेट टनांपेक्षा मोठ्या बोटींची नोंद तटरक्षक दलाच्या वेस्ट व्हर्जिनियातील केंद्रीय कार्यालयात करता येते. तिथून मालकीचा सारांश मागवला की आजवरचे मालक आणि नोंदलेली कर्जे दिसतात. फेडलेल्या कर्जाचा बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो, असेही त्यात निघते. बोजासह घेतलेली बोट बँक नव्या मालकाच्या अंगणातून ओढून नेऊ शकते.

बोटीची ओळख पटवणारा क्रमांक मात्र सर्वत्र एकसारखा आहे. १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक बोटीवर बारा अक्षरांचा हल क्रमांक असतो. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची, पुढची पाच अनुक्रमांकाची, शेवटची चार उत्पादनकाळ व मॉडेलवर्षाची. तो मागच्या भिंतीच्या उजव्या बाजूला कोरलेला असतो आणि ऑगस्ट १९८४ नंतरच्या बोटींत त्याची दुसरी प्रत आत कुठेतरी लपवलेली असते. कागदावरचा क्रमांक, बाहेरचा क्रमांक आणि आतला क्रमांक जुळले नाहीत तर पाकीट खिशातच ठेवावे. ट्रेलरची कागदपत्रे वेगळी असतात, आणि ती नसली तर घरी पोहोचल्यावर ट्रेलरला क्रमांकपट्टी मिळत नाही.

चक्रीवादळांनंतर या साऱ्याला निकड येते. २००५ मधील कॅटरिना, २०१२ मधील सँडी, २०१७ मधील हार्वे व इर्मा, २०२२ मधील इयन या वादळांनी बोटींचे ढीग लावले. एकट्या सँडीत सुमारे ६५ हजार बोटींचे नुकसान झाल्याचा अंदाज होता. विमा कंपन्या भरपाई देऊन अशा बोटी लिलावात काढतात. त्या विकत घेणारे दुरुस्तीवाले प्रामाणिक असतात तसे नसतातही. वर रंग, नवी गादी, आणि बोट प्रमाणपत्र न देणाऱ्या राज्यात हलवली की तिच्या इतिहासावर पडदा पडतो. तळाला गंभीर इजा झालेल्या बोटीच्या प्रमाणपत्रावर तसा शेरा राहावा, यासाठी २०११ मध्ये एक नमुना कायदा तयार करण्यात आला. काही राज्यांनी तो स्वीकारला, सर्वांनी नाही.

निव्वळ फसवणुकीचे प्रकार वेगळेच. किंमत बाजारभावाच्या निम्मी, विक्रेता लष्करी सेवेत परदेशी, बोट एका वाहतूक कंपनीच्या ताब्यात आणि पैसे भरताच घरपोच, अशी कहाणी ऐकू आली की बोटच अस्तित्वात नाही असे समजावे. पैसे विक्रेत्याच्या बँकेच्या शाखेत, कागदपत्रे समोर ठेवून द्यावेत.

भारतातही या बाबतीत पाऊल पडले आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन त्याजागी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आला. त्यानुसार एका राज्यातील नोंदणी देशभर ग्राह्य धरली जाते. नदी, खाडी वा जलाशयात चालवण्यासाठी परराज्यातून जुनी बोट आणणाऱ्याला त्यामुळे वेगळ्या परवानग्यांचा फेरा चुकतो. अमेरिकेतील ग्राहकाच्या वाट्याला मात्र कराचा हिशेबही येतो. फ्लोरिडात बोटीवरील विक्रीकर सहा टक्के आहे आणि २०१० पासून त्याला १८ हजार डॉलरची कमाल मर्यादा आहे. परराज्यातील ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत बोट बाहेर नेली तर तो करही टळतो, परंतु बहुतेक राज्यांत घरी नोंदणीच्या वेळी तिथले सरकार आपला वापरकर मागतेच.

परतीची वाट

सौदा झाला की माणूस निर्धास्त होतो, आणि बोटी नेमक्या तेव्हाच महामार्गाच्या कडेला अडकतात. कारण बोट नव्हे, ट्रेलर. दहा वर्षे अंगणात उभा असलेला ट्रेलर एकदम हजार मैलांना निघतो. टायरची नक्षी नवीकोरी असते, रबर मात्र उन्हाने चिरलेले. टायरवर कोरलेल्या क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांत तो कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला हे लिहिलेले असते. सहा-सात वर्षांपूर्वीचा असेल तर निघण्यापूर्वी बदलावा. पाण्यात बुडून गंजलेले बेअरिंग हे दुसरे दुखणे. पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबून चाकाच्या मध्यभागी हात लावून पाहतात. हात ठेवता येत नसेल इतके ते तापले असेल, तर पुढे जाऊ नये. जादा चाक आणि तो ट्रेलर उचलू शकणारा जॅक नसताना निघणे म्हणजे रविवारी रात्री, अनोळखी गावात, मिळेल त्या भावाने मदत घेण्याची तयारी ठेवणे.

साडेआठ फुटांपेक्षा रुंद बोट रस्त्यावरून न्यायला प्रत्येक राज्याचा परवाना लागतो, आणि ट्रेलरसह उंची साडेतेरा फुटांच्या पुढे गेली तर पुलांचा प्रश्न येतो. अशा बोटी व्यावसायिक वाहतूकदाराकडे सोपवाव्यात. त्याच्या विम्याचा कागद आधी पाहावा, आणि बोट चढवताना सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत.

तिसरा मार्ग पाण्याचा, आणि तो हौसेचा आहे. नॉरफोकपासून मायामीपर्यंत किनाऱ्याच्या आतून जाणारा जलमार्ग सुमारे १,०९० मैलांचा आहे. उत्तरेकडे हडसन नदी आणि १८२५ मध्ये खुला झालेला ईरी कालवा महासरोवरांपर्यंत नेतात. दक्षिणेला १९८५ पासून टेनेसी-टॉमबिगबी जलमार्ग आखाताशी जोडतो. शिकागोच्या नैर्ऋत्येकडील एका न उघडणाऱ्या पुलाखालून सुमारे साडेएकोणीस फुटांपेक्षा उंच बोट जात नाही, हे तिथवर पोहोचून कळलेले बरे नव्हे. वेगाने धावणारी तीस फुटी बोट गॅलनला जेमतेम एक मैल देते, म्हणजे नॉरफोक-मायामी प्रवासाला हजार गॅलनच्या आसपास पेट्रोल लागते. शिवाय वर्षानुवर्षे स्थिर पाण्यात उभ्या असलेल्या बोटीच्या टाकीतील गाळ पहिल्याच लाटांत ढवळून निघतो आणि फिल्टर तुंबतात. अनोळखी बोटीचा पहिला आठवडा तिच्याच गोदीच्या आसपास घालवून मग लांबचा पल्ला गाठणारे शहाणे. विम्याच्या करारात १ जून ते ३० नोव्हेंबर या वादळी हंगामात अमुक अक्षांशाच्या दक्षिणेस न जाण्याची अट असू शकते, तीही वाचून घ्यावी.

रस्त्याने पश्चिमेकडे जाणाऱ्यांना आणखी एका तपासणीला तोंड द्यावे लागते. १९८८ मध्ये मिशिगनजवळच्या सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपले आढळले. युरोपातून जहाजांच्या पाण्याबरोबर आलेल्या या बोटाच्या पेराएवढ्या जिवांनी महासरोवरांतील पाणीपुरवठ्याच्या नळांना विळखा घातला. जानेवारी २००७ मध्ये त्यांचे भाऊबंद क्वागा शिंपले नेवाडातील लेक मीडमध्ये सापडले, तेव्हा ते तिथवर बोटीला चिकटून आले असावेत असा निष्कर्ष निघाला. तेव्हापासून आयडाहो, कोलोराडो यांसारख्या राज्यांनी महामार्गांवर आणि जलाशयांच्या तोंडाशी तपासणी नाकी उभारली आहेत. बोट ओढणाऱ्या प्रत्येकाने नाक्यावर थांबणे बंधनकारक असते. तळात साचलेले पाणी, इंजिनाच्या पायात अडकलेले गवत, ट्रेलरच्या चौकटीत लपलेला एखादा शिंपला, काहीही सापडले तर बोट अडकवून ठेवतात आणि साठ अंश सेल्सिअस तापमानाच्या गरम पाण्याने धुतल्यावरच सोडतात. महासरोवरांतून आलेल्या बोटीकडे अर्थातच अधिक बारकाईने पाहिले जाते. म्हणून विक्रेत्याच्या अंगणातच तळाची बुचे काढून, सर्व टाक्या रिकाम्या करून बोट पूर्ण वाळवावी आणि निघण्यापूर्वी धुतल्याची पावती घ्यावी. काही राज्यांत धुतलेली बोट आणि ट्रेलर यांना जोडून तारेची मोहोर लावतात. ती शाबूत असली की पुढच्या नाक्यावरची तपासणी लवकर उरकते.